मास्तरांच्या पायावरची रेघ

पिशव्या आणि पाकिटं बनवणाऱ्या त्या कारखान्यात कापणीचं टेबल खिडकीला लागून होतं आणि गेली सत्तावीस वर्षं त्या टेबलापाशी मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, चामडं कापणारे. अख्खं कातडं टेबलावर पसरायचं, तळहात फिरवून पाठ कुठली आणि पोट कुठलं ते ओळखायचं, चंदेरी पेनाने रेघ मारायची आणि सुरी चालवायची. बाकीचे कारागीर साचा ठेवून त्याच्या कडेने रेघ मारत. मास्तर साचा नुसता बघून घेत आणि रेघ मोकळ्या हाताने, एका दमात मारत. त्या रेघेवर त्यांचा भारी जीव. "सुरी काय, कुणीही चालवेल," असं ते म्हणत.

दिवसाचे नऊ तास उभं राहायचं, तेही स्वतः शिवलेल्या बुटांत. बूट जड, घोट्याच्या वर येणारे, आत वारा जायची सोय नाही. संध्याकाळी काढले की मोजे पिळून घ्यावेत इतके ओले. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात त्यांना केव्हापासून चिखल्या झाल्या होत्या. तिथली कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी व्हायची, मधोमध चीर पडायची आणि खाज अशी सुटायची की मास्तर टेबलाआड बूट काढून लोखंडी पट्टीची कड बोटांत घालून खसाखसा ओढत. कारखान्यातल्या कुणीतरी एक ट्यूब सुचवली. ती लावली की दोन दिवसांत खाज गप्प. ट्यूब संपली की दुप्पट. मग दुसरी ट्यूब. असं सात-आठ महिने चाललं होतं आणि घरी त्याची कुणाला गंधवार्ताही नव्हती.

घरी होती एकटी मुलगी. ती गाडी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलमधले सगळे तिला ताई म्हणत आणि मास्तरही कारखान्यात तिच्याबद्दल बोलताना 'आमची ताई' असंच म्हणत. तिच्या बाजूला वेगळा ब्रेक आणि क्लच असलेल्या गाडीत ती दिवसभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसायची आणि स्वतः कधी घाबरायची नाही. लग्न करायचं राहून गेलं, असं नातेवाईक म्हणत. ताई म्हणायची, "राहून गेलं नाही, मीच राहू दिलं." आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बापलेकीचं बरं चाललं होतं. बोलणं कमी, भांडण त्याहून थोडं जास्त.

त्या सोमवारी मास्तर दुपारी तीनलाच घरी आले. ताई दोन शिकवण्यांच्या मधे जेवायला आली होती, तिने घड्याळाकडे बघितलं.

"कारखाना बंद पडला का?"

"अंग मोडून आलंय," मास्तर म्हणाले. दातावर दात वाजत होते. दोन पांघरुणं घेऊनही पलंग हलत होता. फ्लू असेल म्हणून ताईने तापाची गोळी दिली. ताप उतरला, पुन्हा चढला.

मंगळवारी सकाळी ते मोरीकडे निघाले तेव्हा भिंत धरून चालत होते. पायजम्याची डावी बाजू वर सरकली होती. ताईने बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बाबा, थांबा. पाय दाखवा."

घोट्यापासून अर्ध्या नडगीपर्यंत पाय लालभडक होता. सूज अशी की कातडी ताणून चकाकत होती आणि बारीक बारीक छिद्रं संत्र्याच्या सालीसारखी उठून दिसत होती. तिने तळहात ठेवला आणि लगेच उचलला. तो पाय उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा होता.

"काही नाही, बूट चावला असेल," मास्तर म्हणाले.

"बूट नडगीला चावतो?"

 त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते पायाकडे बघायचं टाळत होते, हे ताईला तेव्हाच कळलं.

त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना दोन चौक सोडून होता. बाहेरच्या खोलीत खुर्च्या होत्या आणि प्रत्येक माणूस शेजारची एक खुर्ची रिकामी सोडून बसला होता. एका बाळाच्या ओठाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या होत्या आणि त्याची आई त्याचे हात धरून बसली होती. एका बाईच्या कोपरांवर चंदेरी पापुद्रे सुटले होते. मास्तर चुकून तिच्याशेजारी बसले, मग हळूच सरकले. त्या बाईने बघितलं.

"हे लागत नाही हो," ती शांतपणे म्हणाली. "सोरायसिस आहे. पंधरा वर्षं झाली, नवऱ्याला नाही लागलं, तुम्हाला काय लागणार?"

मास्तर ओशाळले. पण परत जवळ सरकले नाहीत.

डॉक्टर चाळिशीच्या, मोठ्या चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी लाल नडगीकडे एकदाच बघितलं आणि सरळ पायाची बोटं फाकवली. बेचक्यातला तो पांढरा, फाटका भाग बघून त्यांनी मान हलवली.

"चोर इथून शिरलाय. हे किती दिवसांचं?"

"थोड्या दिवसांचं."

"बाबा," ताई म्हणाली.

"सात-आठ महिने," मास्तर म्हणाले. मग ट्यूबचीही हकीकत बाहेर आली. डॉक्टरांनी रिकामी ट्यूब बघायला मागितली. ती मास्तरांच्या खिशातच होती.

"यात स्टिरॉइड आहे. खाज दाबून टाकतं, बुरशी तशीच राहते. उलट तिला मोकळं रान मिळतं." त्यांनी कागदावर तीन आडव्या रेघा काढल्या. "हे बघा. वरचा हा थर पातळ, पण पक्का. त्याच्या अगदी वरच्या पेशी मेलेल्याच असतात आणि त्याच आपल्याला राखतात. खालचा थर जाड. रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी सगळं त्यात. त्याखाली चरबी."

"वरचा पापुद्रा आमच्याकडे येत नाही," मास्तर मधेच म्हणाले. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट निघाला. "कमावतानाच केसांबरोबर जातो. चरबीही खरवडून टाकतात. उरतो तो मधला. त्यालाच आम्ही चामडं म्हणतो."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मग तुम्हाला समजवायला सोपं. तुमच्या वरच्या थराला चीर पडली. तिथून जंतू शिरले आणि आता तुमच्या त्या चामड्यात आणि त्याखालच्या चरबीत पसरतायत. याला सेल्युलायटिस म्हणतात. शुगर कधी तपासली होती?"

कधीच नाही. बोट टोचून बघितलं तर दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

मग त्यांनी निळं बॉलपेन घेतलं आणि लालीच्या कडेकडेने रेघ मारली. नडगीवरच्या केसांत पेन अडखळत होतं, रेघ तुटक, वेडीवाकडी झाली. "फोटो काढून ठेवा," त्या ताईला म्हणाल्या. "पहिल्या दिवशी लाली बोटभर बाहेर गेली तर घाबरू नका, गोळ्यांना वेळ लागतो. पण दोन बोटं गेली, फोड आले, जांभळं पडलं, वेदना एकदम वाढल्या किंवा हे असंबद्ध बोलायला लागले, तर माझी वाट बघू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात. आणि पाय उंच ठेवायचा. कारखाना बंद."

परत येताना मास्तर रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसले होते. घराच्या कोपऱ्यावर ते म्हणाले, "थोरल्याचं असंच सुरू झालं होतं."

ताई तेव्हा नऊ वर्षांची होती, तरी तिला सगळं आठवत होतं. काका हॉस्पिटलात आपल्या पायांनी चालत गेले होते आणि घरी आले ते कुबड्या घेऊन, पँटचा एक पाय दुमडून वर खोचलेला. वर्षभरही काढलं नाही त्यांनी. घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणत, धावरं झालं होतं, पायभर पसरणारी लाल सूज. तो शब्द लहानपणी तिला पळणाऱ्या जनावराचं नाव वाटायचा.

"तेव्हाची औषधं वेगळी होती, बाबा."

"सुरी तीच आहे," मास्तर म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी लाली रेघेच्या अर्धं बोट बाहेर होती. ताईने चार चार वेळा बघितलं. बुधवारी सकाळी ती उठून आली तेव्हा मास्तर आधीच उशीवर पाय ठेवून बसले होते. त्यांनी आपण होऊन पायजमा वर केला.

"बघ. रेघेच्या आत."

खरंच आत होती. लाली आणि निळ्या रेघेच्या मधे अर्ध्या बोटाची साधी कातडी दिसत होती. ताईला इतकं हलकं वाटलं की तिने त्यांचा चहा ठेवला, गोळ्या मोजून वाटीत ठेवल्या, फोन जवळ ठेवला आणि आठची शिकवणी गाठायला जिना उतरून गेली. ते घामाने भिजले होते हे तिने बघितलं होतं. ताप उतरतोय, असं स्वतःला सांगितलं होतं.

साडेअकराला तिच्या गाडीत गणितबाई होत्या. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. गाडी चालवण्यापेक्षा अंतर मोजण्यात त्यांना जास्त रस. सिग्नल लाल झाला, त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "पुढच्या गाडीपासून अडीच मीटर. बरोबर?"

"बरोबर. वडील कसे आहेत विचारत होता ना, हे बघा, काल कसा होता पाय." ताईने फोनमधला कालचा फोटो उघडला. दाखवण्याआधी तिने स्वतः बघितला.

मास्तरांच्या नडगीवर मधोमध एक खळगा होता, लहानपणी सायकलवरून पडल्याचा. फोटोत निळी रेघ त्या खळग्याच्या दोन बोटं खालून गेली होती. सकाळी खळगा कुठे होता? तिने डोळे मिटले. सकाळी खळगा लालीत होता. रेघ त्याच्या वरून गेली होती.

आणि ती रेघ तुटक नव्हती. केसांत अडखळली नव्हती. नडगीला वळसा घालून एका दमात, मोकळ्या हाताने मारलेली, अखंड रेघ होती.

 मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"ताई, हिरवा झालाय," गणितबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "काय झालं?"

"डावीकडे घ्या. आमच्या घरी."

"मी डावीकडचं वळण अजून—"

"घ्या, बाई. ब्रेक माझ्याकडे आहे."

घरी फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. वाटेत चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत तिने एकदाही ब्रेक दाबला नाही आणि गणितबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चौथ्या गिअरमध्ये नेली.

मास्तर पलंगावर आडवे होते. सकाळचा चहा साय धरून तसाच. डोळे उघडे, पण तिच्या चेहऱ्यावर ठरत नव्हते.

"आईला सांग, मी येतोच," ते म्हणाले. "एवढं कातडं संपवून."

ताईने पायजमा वर सारला. लाली गुडघ्यापाशी पोचली होती. नवी रेघसुद्धा आता त्या लालीत बुडाली होती. घोट्याच्या वर दोन मोठे फोड आले होते, द्राक्षाएवढे, आत पिवळसर पाणी. भोवती जांभळी झाक.

"बाबा, ही रेघ कुणी मारली?"

 मग ते एकदम शुद्धीवर आल्यासारखे तिच्याकडे बघायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांत ती भीती दिसली जी आजवर त्यांनी तिच्यापासून लपवली होती.

"मीच. डॉक्टरांची स्पिरिटने पुसली. सकाळी बघितलं तर लाली दोन बोटं पुढे गेली होती. म्हटलं, गोळ्यांना अजून एक दिवस मिळू दे. तुला दिसलं असतं तर तू नेलं असतंस."

"न्यायलाच तर सांगितलं होतं!"

"थोरल्यालाही नेलं होतं गं." त्यांनी तिचं मनगट धरलं. हात भाजत होता. "रेघेबाहेर गेलं की कापतात, पोरी. मी जन्मभर तेच केलंय."

तिला ओरडायचं होतं. रडायचंही होतं. दोन्हीला वेळ नव्हता. मागे दारात गणितबाई उभ्या होत्या. चपला बाहेर काढून, पदर खोचून.

"मी पाय धरते, तुम्ही खांदे," त्या म्हणाल्या. "दोन जिने, एकोणीस एकोणीस पायऱ्या. येताना मोजल्यात. प्रत्येक जिन्यात एकदा थांबायचं."

असे उतरले. गाडी ताईने चालवली. मागच्या सीटवर गणितबाई मास्तरांचा पाय मांडीवर उंच धरून बसल्या आणि त्यांना बोलतं ठेवायला कातड्याचे भाव विचारत राहिल्या. मास्तर कधी बरोबर उत्तर द्यायचे, कधी आईशी बोलायचे. ताईला आरशात बघायचं धाडस होत नव्हतं.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. एका तरुण सर्जनने पाय दाबून बघितला, बोटांनी टकटक केली, कान जवळ नेला. आत जंतूंचा वायू साचून दाबल्यावर कुरकुर वाजते का ते तो बघत होता, हे ताईला नंतर कळलं. त्याने काळ्या मार्करने नवी रेघ मारली आणि तिच्यावर वेळ लिहिली, बारा पन्नास. सलाईन लागलं, त्यातून औषध सुरू झालं, रक्त तपासायला गेलं. दीड वाजता सर्जन परत आला. काळ्या रेघेच्या बाहेर पुन्हा लाली दिसत होती. मास्तर पायाला चादर लागली तरी किंचाळत होते.

सर्जन ताईला कोपऱ्यात घेऊन गेला.

"वरच्या थरात असेल तर औषधाने आटोक्यात येईल. पण खोल, स्नायूवरच्या पडद्यापर्यंत गेलं असेल तर औषध तिथे पोचत नाही. तो भाग मरतो आणि फार भराभर मरतो. बाहेरून खात्री देता येत नाही. चीर देऊन आत बघावं लागेल."

"आणि आत मेलेलं दिसलं तर?"

"काढावं लागेल. किती, ते उघडल्याशिवाय नाही सांगता येणार." त्याने फॉर्म पुढे केला. "तुमचे वडील आत्ता सही करायच्या स्थितीत नाहीत."

फॉर्मवर बारीक अक्षरांत एक ओळ होती. गरज पडल्यास अवयव काढण्यास माझी संमती आहे. ताईने ती तीनदा वाचली. अक्षरं कळत होती, ओळ कळत नव्हती.

पलंगावरून मास्तरांचा आवाज आला. नेमका आत्ता तो स्वच्छ होता.

"सही करू नकोस. माझी शपथ आहे तुला."

ती जवळ गेली. "बाबा, नुसतं बघणार आहेत."

"त्यालाही असंच म्हणाले होते. पोरी, मी उभा राहून काम करणारा माणूस आहे. मला असाच राहू दे. काय व्हायचं ते होऊ दे."

तिला वाटलं, आपल्या पायाखाली कुठेतरी एखादं पेडल असायला हवं होतं. रोज असतं. समोरचा चुकला, घाबरला, तरी आपल्या पायाखाली काहीतरी असतं. इथे नुसती गुळगुळीत फरशी होती.

तिने पलंगाच्या लोखंडी पट्टीवर फॉर्म ठेवला आणि त्यांच्यासमोरच सही केली. हात इतका थरथरत होता की नाव वाचता येत नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे मान वळवली. स्ट्रेचर नेताना तिने त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला.

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर गणितबाई बसल्या होत्या.

"तुम्ही घरी जा ना, बाई. तुमची शिकवणी कधीच संपली."

"घरी जाऊन कुणाचे पेपर तपासायचेत मला?" त्या सरकून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडी दारात आडवी लावलीय तुम्ही. वॉचमन दोनदा येऊन गेला. मी लावू का नीट?"

"नको!" ताई इतक्या जोरात म्हणाली की समोरून जाणारी नर्स थबकली. मग दोघींना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ताईला रडू कोसळलं. गणितबाईंनी समजूत घातली नाही. नुसत्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

पन्नास मिनिटं गेली. दार उघडायचं, ते दुसऱ्याच कुणासाठी.  एकदा एक वॉर्डबॉय झाकलेला ट्रे घेऊन बाहेर आला. तिने भिंतीला डोकं टेकलं आणि तो वळणाआड जाईपर्यंत श्वास घेतला नाही. काकांच्या पँटचा तो दुमडलेला पाय तिला इतका स्पष्ट दिसत होता की त्यावरची इस्त्रीची घडीसुद्धा दिसत होती.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याने मास्क खाली ओढला होता. 

"पाय आहे," तो आधी तेच म्हणाला. कदाचित तिच्या चेहऱ्यावरच तो प्रश्न लिहिलेला असावा. "आतला पडदा चांगला आहे. बोट घालून बघितलं, थर सुटत नाहीत, रक्त नीट येतंय. पोटरीच्या बाजूला एका जागी पू साचला होता, तो काढला. जखम उघडी ठेवलीय, रोज ड्रेसिंग लागेल. अजून दोन दिवस मी निर्धास्त नाही. पण वेळेवर आणलंत."

वेळेवर. ताईला सकाळचे आठ आठवले, तो हलका हलका उतरलेला जिना आठवला. 

पुढचे दोन दिवस ती काळ्या रेघेकडे बघत बसून होती. गुरुवारी लाली रेघेला टेकून राहिली. शुक्रवारी ताप उतरला, या वेळी खरोखर. शनिवारी लाली फिकट व्हायला लागली आणि रविवारी नडगीची कातडी सुटायला लागली. मोठमोठे पातळ पापुद्रे निघत होते आणि खाली नवी, गुलाबी, ओलसर चमक असलेली कातडी होती. इन्सुलिन सुरू झालं होतं. नर्सने बोटांची बेचकी पुसून कोरडी कशी करायची, बुरशीचं मलम किती आठवडे लावायचं ते ताईला दाखवलं.

मास्तर तिच्याशी बोलत नव्हते. पाणी हवं असलं तरी नर्सला सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी." नर्स आधी हसली, मग वैतागली.

सातव्या दिवशी दुपारी ड्रेसिंग झाल्यावर ते छताकडे बघत म्हणाले, "तू सही केलीस."

"केली."

"मी शपथ घातली होती."

"ऐकली होती मी."

"पाय गेला असता तर?"

"तर तुम्ही एका पायावर उभं राहून माझ्यावर ओरडला असता. मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"माहीत आहे, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं, झोपले. पण मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "रेघ मारताना माझा हात थरथरला नाही. त्याची मला लाज वाटते."  तिने पायाखालची उशी सारखी केली.

घरी आल्यावर सगळं आधीसारखं झालं नाही. जखम भरायला सहा आठवडे गेले. पाय संध्याकाळी सुजायचा तो सुजायचाच. मालकांनी कापणीच्या टेबलाशी उंच स्टूल ठेवलं; मास्तर चार दिवस त्यावर बसले नाहीत, पाचव्या दिवशी बसले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एकदा झालेलं हे दुखणं परत होऊ शकतं. ते वाक्य ताईच्या डोक्यातून जात नव्हतं. शिकवणी चालू असताना मधेच तिला ते आठवायचं आणि पाय उगाचच ब्रेकवर जायचा. शिकणारे गोंधळायचे, "ताई, माझं काय चुकलं?"

चार महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन वाजला. मास्तर कारखान्यातून कधी फोन करत नसत.

"पोरी, घोट्यापाशी लाल दिसतंय."

 "केव्हापासून?"

"आत्ता बघितलं. गरम नाही लागत. ताप नाही. पण लाल आहे. मी गेटपाशी येऊन उभा आहे. येतेस?"

ती गेली. गेटपासून त्यांना गाडीत घेऊन ती सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे वळली. दवाखान्यात डॉक्टरांनी घोटा बघितला, बोटांची बेचकी बघितली, परत घोटा बघितला. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, सर्जनच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं तशी.

"इसब आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सुजलेल्या पायाची कातडी कोरडी पडते, खाजते, लाल होते. जंतू नाहीत यात, सूज आहे नुसती. मलम देते, आणि रोज आंघोळीनंतर ओलसर अंगावरच क्रीम लावायचं. बेचकी छान कोरडी आहेत. कोण करतं?"

"मीच करतो," मास्तर म्हणाले. "गुडघा वाकत नाही तेव्हा ही करते."

ताईला खुर्ची सापडत नव्हती. ती तपासायच्या टेबलाच्या पायरीवरच बसली. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"डॉक्टर, आता जरा हिला तपासा," मास्तर म्हणाले. "हिचा रंग बघा, माझ्या पायापेक्षा वाईट आहे."

बाहेर आल्यावर ते फुटपाथवर थांबले. एका हाताने भिंत धरून त्यांनी पँट वर केली आणि उन्हात घोटा पुन्हा एकदा निरखून बघितला.

"उद्या सकाळी परत दाखवा मला," ताई म्हणाली.

"सकाळपर्यंत कशाला थांबायचं?" मास्तर म्हणाले. "आज संध्याकाळीच बघ."